शिवणीतली माया

डिसेंबरचा दुसरा आठवडा. उणे बावीस.
वेन कोस्केला बूट न झटकताच आत आला,
काउंटरवर जर्सी टाकली: सतरा नंबर,
शाळेचा मोठा संघ, मोठ्या माणसाचं माप.
मागे त्याचा रीड. आठवीतला.
दाराच्या घंटीखाली उभा, टोपी चुरगाळत.

"दोन्हीकडून आत घ्या. बाह्याही.
आणि जास्तीचं कापून टाका, लोंबायला नको."

मी टेप लावली.
पोरानं छाती फुगवून धरली होती.
वेनचा फोन वाजला, तो बाहेर गेला,
आणि माप दोन इंचांनी उतरलं.

आमच्या गावात लोखंडाची खाण बंद होणार
हे आम्हाला शेवटी कळलं,
पण रिंकवर कोण काय बोललं
ते सकाळच्या पहिल्या कॉफीबरोबर येतं.
हॅल्वर्सन कोच म्हणाला होता, एक वर्ष थांबू.
वेन म्हणाला, एका वर्षात
दुसऱ्याचा पोरगा पुढे निघून जातो.
कुठे पुढे, ते कोणी विचारलं नाही.
मीही नाही.

कात्री हातात घेतली आणि ठेवली.
वाढत्या अंगाचं कापड कापत नाहीत.
आत दुमडतात, माया ठेवतात,
बोटभर, फार तर दोन बोटं.
मी चार बोटं ठेवली, दोन्ही बाजूंना.
शिवण जाड झाली. काखेत टोचली असेल त्याला.

माझी लोर्ना बारा वर्षांची होती
तेव्हा तिला मी सोळाच्या मुलींत स्केटिंगला उतरवलं.
पहाटे साडेचारला गाडीत झोपलेली पोर
हलवून हलवून उठवायची मी.
तिचा झगा मीच शिवला होता, निळा,
अंगाला घट्ट. माया ठेवली नव्हती.
आता ती ॲरिझोनात असते,
जिथे बर्फ फक्त पेल्यात सापडतो.
रविवारी फोन करते. हवामानाचं बोलतो आम्ही.

जानेवारीभर रीड बाकाच्या टोकाला,
पाण्याच्या बाटल्यांशेजारी.
दुसऱ्यांसाठी फळीचं दार उघडायचं, लावायचं.
एका शुक्रवारी, चार गोलांनी मागे असताना,
त्याला दोन मिनिटं मिळाली.
समोरच्या पोरांना दाढ्या होत्या.
एकानं त्याला फळीवर असा नेऊन आदळला
की काच बराच वेळ थरथरत राहिली.
उठला तो. हाड शाबूत.
पण उठल्यावर आधी त्यानं पाहिलं ते प्रेक्षकांत,
मग हातातून सुटलेली स्टिक शोधली.
वेन ओरडत होता, सगळेच ओरडत होते.
मीही ओरडले. काय, ते आठवत नाही.

शाळेमागच्या तळ्यावर त्याच्या वर्गातली पोरं
बुटांचे गोल मांडून खेळतात,
अंधार पडून पक दिसेनासा होईपर्यंत.
मग हसण्याच्या दिशेनं मारतात.

फेब्रुवारीत रीड एकटा आला.
जर्सी पिशवीतून काढून सारखी केली.
"अजून आवळता येईल?"
किती, म्हटलं.
"म्हणजे... अंगातच जाणार नाही इतकी."

मी चष्मा पुसला. काहीतरी करायला हवं म्हणून.
मग जर्सी उलटी केली, शिवण दाखवली.
त्यानं दुमडीत बोट घातलं,
पार दुसऱ्या पेरापर्यंत गेलं ते.
"कापलं नाही तुम्ही?"
नाही.
"बाबांना माहीत आहे?"
नाही.
बराच वेळ ते बोट तिथेच होतं.

आवळली तर वेन नवी आणेल,
हे त्यालाही ठाऊक होतं, मलाही.
आज सराव असेल ना, विचारलं.
"आहे," म्हणाला, खिडकीतून तळ्याकडे बघत.
तर घरी सांग, मी म्हटलं,
बाईंच्या मशीनची सुई मोडलीय,
नवी यायला गुरुवार उजाडेल.
स्केट इथे दे, धार लावते. पैसे नकोत.

तो गेला. घंटी वाजली.
मशीन चालू होतं. त्याचा दिवा जर्सीवर पडला होता.
पाय ठेवला असता तर धावलं असतं.