होल्ड

धोपाव्याच्या जेट्टीवर आमचा नंबर सातवा.
पुढे कोळंबीचा टेम्पो, बर्फ गाळत.
त्याचं पाणी उतारावरून खाडीकडे निघालेलं
सगळ्यांच्या आधी, तिकीट न काढता.

गाडी नवी नाही, मला नवी.
चिपळूणच्या डॉक्टरांकडून घेतली, सीटला अजून
त्यांच्या दवाखान्याचा वास.
क्लच नाही. डावा पाय लांबच्या पाहुण्यासारखा
बसून असतो, त्याला कोणी काही विचारत नाही.

डी-मध्ये ब्रेक दाबून धरला
की गाडी थांबते, पण राजी नसते.
स्टिअरिंगमधून बारीक थरथर येते तळहातात,
वासराची ओढ दाव्यातून यावी तशी.
जाऊ का? जाऊ का?
वीस मिनिटं हे पोटरीनं ऐकायचं.

मग मी एन टाकला.
थरथर गेली.
पाहुणे गेल्यावर घर होतं तशी शांतता.
पाय उचलला, सुस्कारा सोडला,
आणि टेम्पोच्या मागची नंबरप्लेट
अक्षर अक्षर मोठी व्हायला लागली.

"काय गो," शेजारून विश्रामदादा,
"उतारावर न्यूट्रल
म्हणजे पाण्याच्या बाजूचा."

पाय आपटला मी ब्रेकवर.
मागच्या सीटवरची पिशवी कलंडली,
एक नारळ गडगडत सीटखाली गेला.

दादा तेवढंच बोलला, गाडीबद्दलच बोलला.
त्याच्या मांडीवर दापोलीच्या वकिलाला द्यायचे कागद.
पण परवाच मी दोघांना सांगितलं होतं,
त्याला फोनवर, दिगूला विहिरीपाशी उभं राहून:
आगराच्या भानगडीत मी न्यूट्रल.
पंप कोणाचा, पाण्याची पाळी कोणाची,
एकवीस पोफळी कुंपणाच्या अलीकडे की पलीकडे,
तुमचं तुम्ही बघा.
तेव्हा वाटलं होतं, मी सपाटीवर उभी आहे.

गियरच्या मागे एक बटण. त्यावर होल्ड.
डॉक्टरांनी दाखवलं होतं, मीच विसरले.
परत डी. बटण. ब्रेक एकदा खोलवर.
हिरवा दिवा.
पाय काढून घेतला, हळूच,
झोपलेल्या पोराच्या मानेखालचा हात काढावा तसा.
गाडी जागच्या जागी.
जायचंय हे तिनं नाकारलेलं नाही,
आणि कोणाच्या अंगावरही येत नाही.

"किती वेळ धरते?"
"दहा मिनिटं. मग कंटाळून आपणच हँडब्रेक लावते."
"दहा मिनिटं पुष्कळ झाली,"
म्हणत त्यानं काच खाली केली
आणि दाभोळच्या बाजूला बघत राहिला.
दिगूला एक फोन कर, असं म्हणणार होते मी.
नाही म्हटलं.

फेरीबोट लागली. जबडा उघडून
लोखंडी फळी तिनं उतारावर टेकली
आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझ्या लक्षात आलं,
हिला कोणी दोर बांधत नाही.
गाड्या चढेपर्यंत इंजिन चालूच,
मागे पाणी घुसळत
जेट्टीला रेटून धरलेलं,
बोटभरही पुढे न जाता.
थांबायलासुद्धा डिझेल लागतं म्हणजे.

"ये, ये, ये, डावी मार, बाय, डावी!"
खलाशी हात हलवत उलटा चालतो.
ॲक्सिलरेटरला नुसता अंगठा टेकवला,
दिवा गेला, गाडी निघाली
कोळंबीच्या पाण्यावरून, फळीचा खडखडाट घेत.
सीटखालचा नारळ मागे गेला, पुढे आला,
दादाच्या चपलेला लागून थांबला.

वाकून त्यानं तो उचलला,
कानाशी हलवून पाणी ऐकलं.
"कोणाच्या माडाचा गो हा?"

"हद्दीवरच्या," मी म्हटलं.

खलाशाचा पंजा वर झाला. बस्स.
मी थांबले.
दिवा या वेळी आपणच लागला.