घडी

उम्म अल क्वैनच्या खाजणाकाठी, हँगरच्या फरशीवर
सहा वर्षं मी छत्र्या बांधतो.
दाभोळला बहीण सगळ्यांना सांगते,
दादाचं दुबईकडे छत्र्यांचं दुकान आहे.

एका छत्रीला नऊ मिनिटं.
दोऱ्या विंचरायच्या,
कापडातली हवा गुडघ्यांनी रेटून काढायची,
मग तान्ह्याला दुपट्यात गुंडाळावं तशी पिशवीत.
वहीत माझी सही.

त्या शुक्रवारी पंधरा जण वर गेले,
पंधरा उतरले. मी मोजले, सवयीनं:
लाल, लाल, पिवळी,
ती निळ्या पट्ट्याची, जिची दोरी मी परवाच बदललेली...
वाळूवर पाय, हशा, कुणीतरी पाणी मागितलं.
विमान अजून वर होतं.
विमान कोण मोजतं?

झुराब सगळ्यांच्या शेवटी यायचा.
गुल रहीम त्याच्या नावाला हसायचा, जुराब म्हणजे मोजे!
मग तो पाय वर करून दाखवायचा,
बहुधा दोन रंगांचे.
रिकामं विमान खाली यायला उतावीळ असतं, म्हणायचा.
गोठ्याच्या वाटेला लागलेल्या गुरासारखं,
हे मी मनात म्हणायचो. जॉर्जियात गोठे असतात का,
विचारायचं राहिलं.

धावपट्टी समोर होती.
डावा पंख जरा खाली गेला,
जसं कुणी ओझं या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतं,
आणि मग घेतलंच नाही.
तिवरांमागून फ्लेमिंगो उठले.
आवाज त्यानंतर आला.

पंधरा जण उभे, छत्र्या कवेत धरून,
आणि वारा त्यांतल्या काही फुगवत होता,
त्यांना हळूहळू मागे ओढत होता.

त्याच्याही पाठीशी एक असायची, माझ्याच हातची.
दर सहा महिन्यांनी सोडून पुन्हा बांधायचो.
उशी झकास झालीय, म्हणायचा.
दोनशे फुटांवर ती उशीच असते.

तिसऱ्या दिवशी दोघे साहेब आले, हातमोजे घालून.
वहीतली सही माझ्याकडून पुन्हा करून घेतली,
दोन्ही ताडून पाहिल्या.
मग म्हणाले, उघड.

मी मूठ ओढली.
उघडली.
पांढरी, अख्खी, एक टाका न उसवता,
हँगरभर.
मोठ्या पंख्याच्या वाऱ्यानं कडेला थोडी उचललीसुद्धा.
पट्ट्यांतून सूर्यफुलाच्या बियांची टरफलं पडली,
साहेबांनी ती चिमट्यानं वेचून पाकिटात भरली.
कागदावर लिहिलं, दोष नाही.

पुन्हा बांधू का, मी विचारलं.
त्यांनी एकमेकांकडे पाहिलं. राहू दे, म्हणाले.
पण कापड असं पसरून ठेवायचा
हाताला सराव नाही;
ते गेल्यावर मी गुडघे टेकले.

आता उड्या पुन्हा सुरू झाल्यात.
पंधरा मोजून होतात,
कुणीतरी पाणी मागतं.
मी ऐकतो, पण मान खाली करत नाही.