खटका

किल्ली फिरवली की आधी वीस सेकंद
चॅसीखालून पंप गुणगुणायचा.
डेल्मर तेवढा वेळ हात मांडीवर ठेवून थांबायचा,
ताट समोर आल्यावर पहिल्या घासाआधी थांबावं तसा.
मग स्टार्टर.
नव्याण्णव सालचा डिझेल ट्रक, दारांना गंज,
मायनॉटच्या उत्तरेला सगळ्या शेजाऱ्यांना पाठ असलेला आवाज.

नोव्हेंबरात तो दोनदा रात्री निघाला.
दुसऱ्यांदा कॅनडाच्या चौकीवर सापडला,
अंगात बनियन, पायात बर्फातले बूट,
म्हणाला, गहू तोलायला आलोय.
तो काटा मोडून बावीस वर्षं झाली.
किल्ली लपवली तर सगळं घर उपसायचा
आणि मग लेकीकडे बघायचा,
चोराकडे बघावं तसा.

म्हणून एका रविवारी दुपारी, तो घोरत असताना
आर्लिस डॅशबोर्डखाली उताणी शिरली.
पंपाच्या रिलेची बारकी वायर कापली, तांबं सोललं,
दोन पदर ओढत आणले क्लचच्या वर,
पत्र्याच्या वळणामागे,
जिथं डोळा पोचत नाही, बोटच पोचतं,
तिथं आठ डॉलरचा खटका बसवला.
गरम सोल्डरवर फुंकर मारायची नसते,
हे तिला त्यानंच शिकवलेलं, ती नऊ वर्षांची असताना.
शेवटी टेप. मग हात धुतले.
बराच वेळ धुतले.

खटका खाली: ट्रक नेहमीसारखा.
खटका वर: फिल्टरमध्ये उरलेल्या डिझेलवर
इंजिन लागतं, अंगणातून वळण घेतं,
फाटकापर्यंत जातं आणि खोकून बसतं.
फाटक स्वयंपाकघराच्या खिडकीतून दिसतं.

मग ती कोट चढवून जायची.
"बिघडला वाटतं."
"वाटतं खरं."
दोघं चालत परत. उणे अठ्ठावीस.
पहाटे ती ट्रक आणून जागेवर लावायची,
हीटरची वायर भिंतीत खोचायची,
न्याहारीला म्हणायची, बघितलं मी, काही नव्हतं.

फार्गोहून भाऊ फोनवर म्हणाला, विकून टाक की सरळ.
ती म्हणाली, हो.

जानेवारीतल्या एका रात्री इंजिनचा आवाजच आला नाही.
केबिनचा दिवा लागला तो लागलेलाच.
ती गेली. तो स्टिअरिंगखाली वाकलेला,
एक हातमोजा काढलेला, बोटं पत्र्यामागे.
"पंप बोलला नाही," तो म्हणाला.
"मग इंजिनाला कशाला छळायचं?"
ती गप्प.
बोटं जोडावरून फिरली, परत फिरली,
तांदूळ निवडावेत तशी.
"फ्यूज घातलायस ना मध्ये?"
"घातलाय. पाच अँपिअरचा."
"हं."

बाहेर वारा बर्फाची पूड जमिनीलगत ढकलत होता.
त्यानं खटका खाली केला.
पंप गुणगुणला. दोघांनी ऐकला,
वीसच्या वीस सेकंद.
मग त्यानं तो स्वतःच वर केला,
किल्ली काढून तिच्या हातात दिली
आणि विचारलं,
कोणी लावलाय गं हा?
हात चांगला आहे त्याचा.