उतार

दोन सीटांची बुटकी गाडी जॅकवर.
येर्नेयने जुनी डिस्क हातावर तोलली,
कडेला नखाएवढी झीज.
"सहा पिस्टनचे घालू? दोन हजार युरो.
की नुसतं ऑइल बदलू? बघ, चहा झालाय त्याचा."

मिलोयका गप्प.
व्रशिचचा घाट त्रेंताकडे उतरताना
सत्तेचाळिसाव्या वळणावर
पेडल लोण्यात रुतल्यासारखं खाली गेलं होतं.
समोर मेंढी, रवंथ करत,
वीतभर अंतरावर.
हे तिनं कुणालाच सांगितलेलं नाही.

चढताना इंजिनचं कौतुक करणारे
वर कॉफीला थांबतात.
उतरायचं ते ज्याचं त्यानं.

"ऑइलच बदल," ती म्हणाली,
"आणि ते सहावाले…
भाव तेवढा लिहून दे."

चिठ्ठी दुमडून व्हायझरला खोचली.
गॅरेजच्या सपाट अंगणातून निघतानाही
पाय ब्रेकवरच.