पहिला दात

रविवारी पहाटे तुमच्याकडे
घड्याळं एक तास मागे घेतली,
आणि सोमवारी बडोद्यात
शाल्मलीचा पहिला दात पडला.

हीनाबेनच्या घरी, भाखरीच्या तुकड्यात.
मी तेव्हा ट्रान्सफॉर्मरच्या चाचणीवर होतो,
मोबाइल लॉकरमध्ये, दारावर लाल दिवा.
बाहेर आलो तर सात मिस्ड कॉल.
काळजात धस्स झालं,
पण हीनाबेनचा आवाज हसत होता.

ही बातमी तिने
आधी गुजरातीत सांगितली, शेजारघरी,
मग मराठीत मला, मी चप्पल काढायच्या आत.
तिसऱ्यांदा सांगायची ठेवली होती तुझ्यासाठी.
फटीतून 'स' कसा निसटतो
ते तुला ऐकवायचं होतं:
ससा, सरबत, सासवड.

साडेचारला तुझी लॅब सुटते.
परवापर्यंत तेव्हा इथे आठ वाजायचे,
ताटात वरणभात असायचा.
आता नऊ.
"मग तो एक तास गेला कुठे?"
"डेन्मार्कला."
"आईकडे?"
"हो."
"असू दे. तिला लागत असेल."

पावणेनऊपर्यंत टिकली.
कोडी घातली, बाल्कनीत फेऱ्या मारल्या,
खाली सेव-उसळच्या गाडीवरचे दिवे मोजले,
आठ, परत आठ,
मग मान माझ्या खांद्यावर.

नऊ वाजून दोन मिनिटांनी तू आलीस,
नखांत प्लास्टरची पांढरी पूड,
मागे खिडकीत एवढ्यातच तिन्हीसांज.
दिवसभर तू अनोळखी माणसांचे दात घडवतेस,
त्यांच्या वयाचा पिवळेपणासुद्धा
मोजून मिसळतेस, खरे वाटावेत म्हणून.
मी फोन धरून तुला झोपलेलं तोंड दाखवलं.
ओठ मिटलेले.
तू म्हणालीस, "उठवू नकोस."
मग जरा थांबून, "फक्त ओठ थोडा..."
मी बोटाने अलगद सरकवला.

बराच वेळ तू बोलली नाहीस.
मग लॅबमधल्या आवाजात:
"खालचा. मधला. वेळेवर पडला."
आणि चित्र थरथरलं.
नेटवर्क असेल, किंवा तुझा हात.

दांडिया बाजारात लहानपणी आम्ही
दात कौलांवर फेकायचो, उंदराशी सौदा करून.
इथे मांजलपूरला चौथा मजला,
वर नुसती पाण्याची टाकी.
तरी मी मागितला. तिने मूठ उघडली नाही.
"उंदीर कशाला? आईला येतो की करता!"

आता तो काड्यापेटीत आहे, कापसावर.
वर तिच्या अक्षरात: आई, डेन्मार्क.
'ड' उलटा.

रावपुऱ्याच्या पोस्टात गेलो शनिवारी.
परदेशी पाकिटाला फॉर्म लागतो,
वस्तू काय, आणि किंमत किती.
वस्तू लिहिली.
पुढच्या रकान्यावर पेन तसंच राहिलं,
तेव्हा काउंटरवरची बाई म्हणाली,
"लखो ने, भाई. लाइन लांबी छे."