गाडी थंड असताना

बुंदूभाई म्हणाले होते, पाटनीपुऱ्यातल्या आपल्या
तेलकट फरशीवर उकिडवे बसून,
"ताई, सुबह जाना. बताकर मत जाना.
और सबसे पहले सायलेन्सर को हाथ लगाना."

मी फोन करून गेले. तीच चूक.
छावणीतला पोरगा फाटकातच उभा,
मागे लाल चकचकीत स्कूटर, सीटवर नवं कव्हर.
"एक हाथ की है दीदी, एकदम मक्खन."
सकाळचे सात. तळहात टेकवला
आणि चटका बसला.
माझ्याआधी कोणीतरी तिला उठवून,
तोंड धुऊन, पावडर लावून
पाहुण्यांसमोर आणून बसवलं होतं.
मी चहालासुद्धा थांबले नाही.

दुसरी परदेशीपुऱ्यात. काटा म्हणत होता अकरा हजार,
पण किकचं रबर झिजून गोटीसारखं गुळगुळीत.
काटा मागे फिरवता येतो,
रबर कोण फिरवणार?
तिसरीची कागदं बघायला मागितली
तर मालक म्हणाला, बँकेत आहेत, येतील.
येऊ देत. मग मीही येईन.

एकवीस डबे रोज पायी पोचवते मी,
रामबागेपासून पार किल्ला मैदानापर्यंत.
चौदा हजार जमले होते बेसनाच्या डब्यात
आणि त्यातला एकही रुपया
मला लाल रंगावर घालवायचा नव्हता.

लोकमान्य नगरात मुळ्येबाई.
शाळेत प्रयोगशाळा सांभाळायच्या. आता गुडघे गेले.
राखाडी स्कूटर, उजव्या अंगाला पोचा,
तो त्यांनी आधी दाखवला.
"दूधवाल्याच्या सायकलीवर गेले होते. चूक माझीच.
पहिल्या किकला लागत नाही, दुसऱ्यालाही नाही.
तिसऱ्याला लागते. चौथी मारू नकोस, तिला राग येतो."
मी घासाघीस पाठ करून गेले होते.
सगळी खोट त्यांनीच सांगून टाकल्यावर
आता मी बोलू काय?

सायलेन्सर गार, अगदी माठासारखा.
चासीचा नंबर मी चिंधीने पुसून
कागदाशी एकेक अक्षर जुळवला.
त्या चष्मा पुढे ओढून बघत राहिल्या.
मग म्हणाल्या, "झालं तुझं? आता माझं."
आणि साडी आवरून मागच्या सीटवर बसल्या.

दोन गल्ल्या, एक चढ, देवळाजवळचं वळण.
गतिरोधकावर त्यांचा हात माझ्या खांद्यावर घट्ट.
परत आल्यावर निकाल:
"वळण बरं घेतेस. ब्रेक उशिरा दाबतेस.
पुढचे ब्रेकशू नवे घाल. त्याचे तीनशे मी सोडते,
बॅटरीचे नाही, ती दिवाळीतच बदललीय."
नोटा मोजताना नाकाशी नेल्या.
"बेसन?"
"बेसन," म्हटलं.

फॉर्मवर सही करताना पेन उचलून दम दिला,
"आठवड्यात नाव बदलून घे हो.
नाहीतर सिग्नल तू तोडशील
आणि चलान माझ्या दारात."

आज पहाटे पोळ्या बांधून झाल्या,
तिला हात लावला. गार.
एक. दोन. तिसऱ्याला लागली.
डबे अडकवले, निघाले.
डावा आरसा अजून बाईंच्याच उंचीला आहे,
त्यात रस्ता दिसत नाही,
नुसता माझा खांदा दिसतो.
नीट करायला हवा.
दुपारी करीन.