शब्दाचा अर्थ द्यावा

पाटोच्या तिसऱ्या मजल्यावर आता रांग नाही.
एक काच आहे, काचेमागे मी,
आणि माझ्यामागे पंखा, जो कुणाच्याच बाजूला वळत नाही.
पूर्वी माणसं जिन्यात उभी असायची.
मडगावचे सीए कागद टाचणीसकट आणायचे,
म्हापशाचा एक वकील तर डबाही इथंच खायचा.
तेव्हा कंपनी जन्माला यायला
पोटातल्या पोरापेक्षा दोन महिने जास्त लागत.

आता दोन दिवस. कधी दीड.
वर्षाचा तक्ता दिल्लीला जातो, त्यात आमचा रकाना हिरवा.
मागच्या एप्रिलात त्याबद्दल प्रत्येकाला एक पेन मिळालं.
माझं उमटत नाही.
लिहायचंही काही नसतं म्हणा.

जयमाला वेळीप मंगळवारी आली,
बार्सेहून, दोन बस बदलून.
यायची गरज नाही, असं तिला कळवलं होतं.
म्हणाली, म्हणूनच आले.
मोबाईल काचेला लावून दाखवला:
सातेरी आगळ आणि सोलं प्रायव्हेट लिमिटेड.
खाली शेरा. पहिल्या शब्दाचा अर्थ द्यावा.
मुदत पंधरा दिवस.

शेरा मारणारा आमच्यातला नव्हे.
तो उत्तरेकडे कुठल्याशा इमारतीत बसतो,
देशभरची नावं त्याच्यापुढून सरकतात.
वाईट माणूस नसावा.
आगळ त्याला कळलं, की थकून सोडून दिलं, देव जाणे.

काय लिहू, सर?
देवी लिही.
कुठली, म्हणून विचारलं तर?
गावाची.
मूर्ती नाही हो तिची. आमच्यात वारूळच.
मग वारूळ लिही.
ती हसली. मातीचा ढीग प्रायव्हेट लिमिटेड?

मला पुतू गावडे आठवला.
सगळं स्कॅन करून पाठवा, असा हुकूम आला त्या साली
तळमजल्यावरची खोली उघडली होती.
कोपऱ्यात बार्जवाल्या कंपन्यांच्या फायली,
कुडचड्याच्या, सावर्ड्याच्या,
खाणी बंद पडल्यावर कुणी न विचारलेल्या.
वाळवीनं भागभांडवल खाल्लं होतं,
संचालक खाल्ले होते त्यांच्या पत्त्यांसकट,
लाल फितीची नुसती गाठ ठेवली होती
आणि भिंतीला धरून कंबरेएवढं वारूळ उठवलं होतं.
फवारणीवाला पंप पाठीला लावून तयार.
पुतूनं चपला काढल्या.
म्हणाला, हे माझ्याच्यानं होणार नाही, मेमो द्या.
दिनीझसाहेबांनी घड्याळ पाहिलं, मग ती माती पाहिली,
मग फवारणीवाल्याला म्हणाले, तू जेवून ये.
तेवढ्यात पुतूनं कुठून तरी अबोली आणली.
तीन वाजता काम झालं.
अहवाल मी टंकला: अभिलेख नष्ट, कारण कीटक.

यातलं काही मी तिला सांगितलं नाही.
चौकटीत पाचशेच अक्षरं मावतात.
ती ओठ हलवत अंगठ्यानं लिहीत होती:
सातेरी म्हणजे आपण होऊन उभी राहिलेली माती,
आमच्यात कुठलंही काम तिला विचारूनच सुरू होतं.
चौकट लाल झाली.
स्वल्पविराम चालत नाही तिथं.
तिनं स्वल्पविराम काढला.

गुरुवारी चार वाजून बारा मिनिटांनी प्रमाणपत्र निघालं.
उत्तरेतल्या त्या माणसानं पुढे काही विचारलं नाही.
रकाना हिरवा.

तळमजल्यावरच्या त्या खोलीत आता लिफ्टच्या बॅटऱ्या असतात.
भिंत पांढरी, दोनदा रंगवलेली.
खाली, फरशीला लागून, रंगाला एक फुगा आलाय,
करंगळीएवढा, आतून किंचित तांबूस.
पोर्टलवर कळवायचं असतं,
विभाग देखभाल, प्रकार कीटक, फोटो जोडावा.
दोन मिनिटांचं काम.
उद्या कळवतो, असं मी
मागच्या सोमवारपासून म्हणतोय.